फ्लोरेन्स: घुमट, पुराच्या खुणा आणि आपल्या महाराजांची छत्री

फ्लोरेन्सला जाणाऱ्या आपल्या लोकांची लिस्ट साधारण ठरलेलीच असते, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, दुओमो म्हणजे शहराचं मुख्य चर्च, उफीझी हे चित्रांचं म्युझियम, पोन्ते वेक्यो हा पूल, वेळ उरला तर पिसाचा मनोरा आणि मग पुढची ट्रेन. यातलं पिसा सोडून आम्ही पण सगळं बघितलं आणि मनापासून आवडलं, पण माझ्या लिस्टमधे पहिल्या नंबरवर होती ती काशिने पार्कच्या पार शेवटच्या टोकाला असलेली राजाराम महाराजांची छत्री. हो, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. खुद्द आमच्या कोल्हापुरात कितीतरी जणांना हे माहीत नसतं, इटली फिरून आलेल्यांना तर नसतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सोबत माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती म्युनिकला नोकरी करते, मी पुण्याहून तिच्याकडे गेले आणि तिथून दोघी ट्रेनने निघालो.

शुक्रवार

म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून आल्प्स ओलांडून थेट बोलोन्यापर्यंत ट्रेन येते. विमानापेक्षा वेळ जास्त लागतो हे खरं पण दिवसा प्रवास असेल तर हेच करा असं मी सांगेन, आधी बर्फाचे डोंगर, मग सफरचंदाच्या बागा, मग द्राक्षाचे मळे, मैत्रिणीने मेथीचे ठेपले केले होते ते खात खात कधी इटलीत शिरलो कळलंच नाही. बोलोन्याला गाडी बदलली, पुढचा टप्पा जेमतेम अर्ध्यापाऊण तासाचा आणि जवळपास सगळा बोगद्यातूनच, त्यामुळे बोगदा संपतो आणि थोड्याच वेळात फ्लोरेन्स येतं.

खोली आर्नो नदीपलीकडे सान्तो स्पिरितोच्या बाजूला घेतली होती. तिकडे भाडं थोडं कमी आणि खाली सुतारांची, फ्रेम करणाऱ्यांची छोटी दुकानं अजून चालू आहेत. बॅगा टाकल्या आणि लगेच बाहेर. पोन्ते वेक्यो म्हणजे जुना पूल, १३४५ चा. त्यावर आज सगळी सोनारांची दुकानं आहेत पण आधी तिथे खाटीक बसायचे, १५९३ मधे ग्रँड ड्यूक फर्दिनांदोने वासामुळे त्यांना हलवलं आणि सोनार आणले. ऑगस्ट १९४४ मधे माघार घेताना जर्मन सैन्याने आर्नोवरचे बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला, पण याच्या दोन्ही टोकांची घरं पाडून रस्ता बंद करून टाकला. पुलाजवळच्या काही इमारती मधेच इतक्या नव्या का दिसतात ते हे माहीत असलं की लगेच कळतं.

पुलावर तुफान गर्दी होती, तिथे फार थांबलो नाही. मला दाखवायची होती ती गल्ली वेगळीच, उफीझीच्या मागे व्हिया देई नेरी नावाचा रस्ता आहे, तिथे सान रेमिज्योच्या कोपऱ्यावर भिंतीवर वरखाली दोन दगडी पाट्या आहेत. खालची जुनी, तिच्यावर लाटांमधून वर आलेला एक हात कोरलाय आणि त्याचं बोट पाण्याची रेघ दाखवतंय. ती १३३३ च्या पुराची. तिच्या वर १९६६ ची. दोन्हींवर तारीख एकच, ४ नोव्हेंबर! मान मागे टाकून बघावं लागतं, आमच्या दोघींच्या डोक्याच्या कितीतरी वर, पार पहिल्या मजल्यापर्यंत पाणी.

मैत्रीण त्या पाटीखाली बराच वेळ उभी होती. २०१९ च्या पुरात तिच्या माहेरी शाहूपुरीत घरात पाणी शिरलं होतं आणि ती म्युनिकमधे बसून रात्रभर फोन लावत होती, फोन लागत नव्हता. ती म्हणाली, अगं आपल्याकडे पण प्रत्येक पुराची अशी रेघ मारून ठेवायला पाहिजे, दगडात, म्हणजे पुढच्या माणसाला घर बांधताना दिसेल तरी. मला हे शंभर टक्के पटलं. रंगाची रेघ पुढच्या दिवाळीला चुना मारला की जाते.

१९६६ च्या त्या पुरात पाण्याबरोबर चिखल आणि घराघरात हिवाळ्यासाठी साठवलेलं हीटिंगचं तेल असं सगळं मिसळून चर्चमधे, लायब्ररीत, म्युझियममधे घुसलं. राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं भिजली. मग इटलीतून आणि बाहेरच्या देशांतून कॉलेजची पोरं पोरी आपणहून आली, रांगा करून चिखलातली पुस्तकं हातोहात वर काढली, त्यांना तिथे आजही चिखलातले देवदूत म्हणतात. सान्ता क्रोचे चर्चमधे चिमाब्युए या चित्रकाराचा तेराव्या शतकातला लाकडी क्रूस आहे, त्याचा बराचसा रंग या पुरात कायमचा गेला. दुरुस्त करताना त्यांनी गेलेला भाग नव्याने रंगवून खोटं काही केलं नाही, गेलं ते गेलं असं दिसू दिलंय. दुसऱ्या दिवशी आम्ही तो बघून आलो. माझ्या मते सान्ता क्रोचेमधे मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली यांच्या थडग्यांइतकाच वेळ या क्रूसाला द्यावा.

रात्री रिबोल्लिता खाल्लं, शिळा ब्रेड, पांढरे घेवडे, काळी कोबीची पानं घालून रटरटवलेलं दाट सूप. मैत्रीण शाकाहारी आहे, तिला इथे काही अडचण आली नाही. फक्त इथल्या ब्रेडमधे मीठ नसतं, पहिल्या घासाला विचित्र लागतो, ऑलिव्ह ऑइल आणि मीठ वर टाकून घ्यायचं.

शनिवार

आजचा दिवस दुओमोच्या घुमटाचा. वर चढायला वेळ ठरवून आधी ऑनलाइन बुकिंग लागतं, ऐनवेळी मिळत नाही. आम्ही घेतला तेव्हा पास ३० युरोचा होता, त्यात घुमट, जोत्तोचा मनोरा, बाप्तिस्तेरी म्हणजे समोरची बाप्तिस्म्याची वेगळी इमारत आणि दुओमोचं म्युझियम सगळं आलं. लिफ्ट नाहीये, ४६३ पायऱ्या, आणि जिना अरुंद, ज्यांना गुडघ्याचा किंवा बंद जागेचा त्रास आहे त्यांनी खरंच विचार करून जा.

या चर्चचं काम १२९६ ला सुरू झालं. बांधत गेले, बांधत गेले आणि मधोमध साधारण ४५ मीटर रुंदीचं अष्टकोनी भगदाड उरलं ज्यावर घुमट कसा चढवायचा हेच कोणाला माहीत नव्हतं. नेहमीच्या पद्धतीने करायचं तर जमिनीपासून वरपर्यंत लाकडी सांगाडा उभारायचा आणि त्यावर विटा रचायच्या, पण एवढं लाकूड आणायचं कुठून. तेव्हा फिलिप्पो ब्रुनेलेस्की पुढे आला, मूळचा सोनार, आणि म्हणाला सांगाडा नकोच. १४२० ला काम सुरू, १४३६ ला घुमट पूर्ण. आत एक आणि बाहेर एक असे दोन घुमट आहेत आणि आपण चढतो तो जिना या दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतून जातो, त्यामुळे तुम्ही अक्षरशः त्याच्या बांधकामाच्या आत असता. चाळीस लाखांवर विटा आहेत म्हणतात.

वर गेल्यावर भिंत हळूहळू आपल्या अंगावर कलायला लागते आणि तिथे त्या विटा हाताच्या अंतरावर दिसतात. आडव्या विटांच्या थरात ठराविक अंतरावर एक वीट उभी, मग पुढच्या थरात ती थोडी सरकलेली, असं करत करत तिरकी सर्पिल रेघ वर जाते. या उभ्या विटांनी आडव्या विटांना धरून ठेवलं, म्हणून चुना ओला असताना आणि खाली काहीही आधार नसताना पण थर घसरला नाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, कॉलेजमधे याचा एक पॅराग्राफ वाचला होता, पण ती उभी वीट डोळ्यासमोर बघितल्यावर मला खरंच भरून आलं. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते आणि मैत्रीण त्यांना सॉरी सॉरी करत मला थांबू देत होती.

मधे एका गॅलरीतून घुमटाच्या आतलं चित्र जवळून दिसतं, वसारी आणि झुक्कारी यांनी काढलेला शेवटच्या निवाड्याचा देखावा, खालचे राक्षस तर चांगलेच भयानक आहेत. आणि मग एकदम बाहेर उजेडात. लाल कौलं, आर्नो, पलीकडे टेकड्या. वर बराच वारा होता, अर्धा तास सहज बसलो असू.

खाली आल्यावर चर्चच्या मागच्या अंगणात फरशीत एक गोल पांढरा संगमरवर शोधा. घुमटाच्या टोकावरचा तांब्याचा गोळा १६०० साली वीज पडून कोसळला तो तिथे येऊन पडला. आणि दक्षिणेच्या बाजूला ब्रुनेलेस्कीचा बसलेला पुतळा आहे, तो मान वर करून घुमटाकडेच बघतोय.

म्युझियमला लोक कमी जातात, तुम्ही जा. गिबर्तीने घडवलेले बाप्तिस्तेरीचे सोनेरी दरवाजे इथे आहेत, बाहेर लावलेत त्या प्रतिकृती. आणि इथे मायकेलअँजेलोचा म्हातारपणीचा पिएता, म्हणजे मृत येशूला सावरून धरल्याचं शिल्प आहे, स्वतःच्या थडग्यासाठी करत होता, मागे उभ्या म्हाताऱ्याला स्वतःचा चेहरा दिला आणि मग एक दिवस हातोडा घेऊन त्यानेच तो फोडला. येशूचा डावा पाय आजही नाहीये. आम्ही दोघी त्याच्यासमोरच्या बाकावर बसलो, हॉलमधे मोजून चार माणसं होती.

रविवार

उफीझी. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, दहानंतर बोत्तिचेल्लीच्या खोलीत फक्त मोबाईल दिसतात. त्याची व्हीनस आणि प्रिमावेरा ही दोन्ही चित्रं सुंदर आहेतच, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी काही वेगळं सांगू शकणार नाही.

मला सांगायचंय ते आर्तेमिझिया जेंतिलेस्कीच्या चित्राबद्दल. सतराव्या शतकातली बाई, १६१६ मधे फ्लोरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीत जागा मिळालेली पहिली स्त्री. चित्रात बायबलच्या कथेतली ज्युडिथ शत्रूच्या सेनापतीचं, होलोफर्नेसचं मुंडकं कापतेय. हा विषय तेव्हाच्या पुष्कळ पुरुषांनी रंगवलाय पण त्यांची ज्युडिथ नाजूक असते, मान कापणं तिला झेपेल असं वाटतच नाही. हिची ज्युडिथ बाह्या वर सारून उभी आहे, अंगात पिवळा झगा, एका हाताने त्याचे केस मुठीत धरलेत आणि दुसऱ्या हाताने तलवार ओढतेय, आणि दासी बाजूला नुसती उभी नाहीये, ती त्याला पूर्ण ताकदीने दाबून धरतेय. दोन बायका मिळून एक अवघड काम करतायत. रक्ताच्या चिळकांड्या उडून पार तिच्या झग्याकडे येतात. मैत्रीण म्हणाली, हिने मनगटाचा जोर बरोबर काढलाय बघ. बरोबरच होतं तिचं.

आणि हे सगळं फ्लोरेन्समधेच का राहिलं याचं कारण पण एक बाईच आहे. फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा. घराणं संपत आलेलं, गादी दुसऱ्या राजघराण्याकडे जाणार हे ठरलेलं, तेव्हा १७३७ मधे तिने करारात लिहून घेतलं की चित्रं, पुतळे, पुस्तकं, दागिने यातलं काहीही शहराबाहेर न्यायचं नाही. नाहीतर आज हे व्हिएन्नाला जाऊन बघावं लागलं असतं. आपल्याकडच्या किती वाड्यांमधलं काय काय कुठे कुठे गेलं हे आठवलं की या बाईबद्दलचा आदर अजून वाढतो.

दुपारी मी बाजारातल्या गाड्यावर लाम्प्रेदोत्तो खाल्लं. गाईच्या पोटाचा भाग, मसाल्याच्या पाण्यात तासन्‌तास शिजवून पावात भरतात, वर हिरवी चटणी आणि तिखट. वजडी खाणाऱ्या माणसाला हे ओळखीचंच लागेल, फक्त आपल्यापेक्षा तिखट खूपच कमी. मैत्रिणीने तेवढ्या वेळात पिस्त्याचं जेलातो संपवलं.

संध्याकाळी चालत चढून सान मिनिआतोला. सगळे जण खालच्या पियाझ्झाले मायकेलअँजेलोपाशी सूर्यास्त बघत थांबतात, तुम्ही अजून थोडं वर जा. अकराव्या शतकातलं चर्च, पांढरा हिरवा संगमरवर, आत जमिनीवर १२०७ सालचं राशीचक्र. संध्याकाळी तिथले भिक्षू जुन्या पद्धतीची लॅटिन स्तोत्रं म्हणतात, कुठलंही वाद्य नाही, माईक नाही.

सोमवार

उफीझी आणि अकादेमिया (डेव्हिड आहे ते म्युझियम) दोन्ही सोमवारी बंद, म्हणून हा दिवस काशिनेसाठीच ठेवला होता. स्टेशनजवळून टी वन ट्राम घ्यायची आणि काशिने स्टॉपला उतरायचं. तिथून नदीच्या कडेने पश्चिमेकडे चालत राहायचं, पार्क साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि आपल्याला अगदी शेवटपर्यंत जायचंय, तासभर धरा. रस्ता सपाट, दोन्ही बाजूला मोठी झाडं, पळणारे लोक, कुत्री, सायकली. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

राजाराम महाराज म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या आधीचे. १८६६ मधे गादीवर आले, १८७० मधे इंग्लंडला गेले. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला असं मानणारे लोक, त्यात हा तरुण राजा निघाला. तिथे राणी व्हिक्टोरियाला भेटले, शाळा, कारखाने, पार्लमेंट बघितलं, रोज इंग्रजीत डायरी लिहिली, ती नंतर १८७२ मधे छापली गेली. परत येताना वाटेत तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्सच्या एका हॉटेलात ते गेले. वय वीस.

आणि मग प्रश्न आला अंत्यसंस्काराचा. इटलीत दहनाची पद्धतच नव्हती. सोबतच्या मंडळींना आपल्या रीतीने नदीच्या संगमावर दहन करायचं होतं. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, खास परवानगी काढली गेली आणि जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे रात्री उशिरा चिता रचली. परक्या मुलुखात, हिवाळ्याच्या थंडीत, बरोबरच्या माणसांनी कशी जमवाजमव केली असेल याचा मी वाटभर विचार करत होते. संगम शोधून काढला त्यांनी! पंचगंगेच्या काठच्या माणसाला संगमाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

झाडी संपते आणि समोर छत्री दिसते. चार खांब, वर आपल्याकडच्यासारखा नक्षीदार घुमट, आत महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, गळ्यात दागिने, चेहरा अगदी पोरसवदा. तो चेहरा बघून दोघींना पहिल्यांदा वाटलं ते हेच, की किती लहान होते. खाली चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरलाय. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, १८७४ चा, आणि छत्रीचं डिझाईन मेजर मँटचं. कोल्हापूरकरांनो, हा तोच मँट, ज्याने आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल बांधला. टाऊन हॉलच्या बागेत आम्ही लहानपणी सुट्टीत पडीक असायचो, आणि त्याच माणसाने रेखाटलेल्या कमानीखाली आर्नोच्या काठी उभ्या होतो.

शेजारून मोठा केबलचा पूल जातो, १९७८ चा, त्याचं नाव पोन्ते आल्लिंदियानो, या स्मारकावरूनच पडलंय. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. तिथल्या एका आजोबांनी, कुत्र्याला फिरवत होते ते, आम्हाला बघून हाताने विचारलं, तुम्ही तिकडच्या का. मैत्रिणीला थोडं इटालियन येतं, तिने सांगितलं की आम्ही त्यांच्याच गावच्या. आजोबांनी टोपी काढून तिच्याशी हात मिळवला आणि छत्रीकडे बघून मान लववली. आम्ही चप्पल काढून नमस्कार केला, सोबत नेलेली फुलं कठड्यापाशी ठेवली, मग संगमाच्या टोकापर्यंत चालत गेलो. मुन्योनेला पाणी थोडंच होतं.

आपल्या टूर कंपन्यांच्या बसेस फ्लोरेन्समधे रोज येतात आणि बहुतेक ग्रुप हे न बघताच पुढे जातात. मला हे मनापासून खटकतं. फार तर दोन अडीच तास लागतात, तिकीट नाही, रांग नाही. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्यांची ही जागा आहे, मराठी माणसाने तरी तिथे जावं.

मंगळवार

शेवटची सकाळ अकादेमियाची. डेव्हिड ज्या दगडातून काढला तो दगड आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून सोडलेला, कित्येक वर्षं चर्चच्या आवारात पाऊस खात पडला होता. १५०१ मधे सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने तो घेतला आणि १५०४ मधे पाच मीटरहून उंच डेव्हिड उभा केला. उजव्या हाताच्या मागच्या शिरा बघा, फुगलेल्या आहेत, आणि चेहऱ्याकडे डाव्या बाजूने जाऊन बघा, समोरून शांत वाटणारा पोरगा तिथून चांगलाच ताणलेला दिसतो. राक्षसासारख्या गोलियथशी लढाई अजून व्हायचीय.

त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूला मायकेलअँजेलोचे अपूर्ण कैदी आहेत, पोप ज्युलियसच्या थडग्यासाठी सुरू केलेले आणि तसेच राहिलेले. दगडातून एक खांदा बाहेर, एक गुडघा बाहेर, डोकं अजून आतच, छिन्नीच्या रेघा जशाच्या तशा. मैत्रीण डेव्हिडपेक्षा इथेच जास्त रमली. तिचं म्हणणं, पूर्ण झालेलं काम बघून माणूस कसा काम करत होता ते कळत नाही, ते इथे कळतं. मी म्हटलं त्या उजव्या हातासाठी मी परत तिकीट काढेन. बोलोन्याच्या गाडीत बसेपर्यंत हाच वाद चालू होता, आणि डिसेंबरमधे ती कोल्हापूरला आली की पुढे चालू होईल.